सावित्रीबाई फुले व त्यांचे बालहत्या प्रतिबंधक गृह

त्र्यंबकेश्वरी पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांची यात्रा भरते, हे नाशिक जिल्ह्यातील आपल्या वाचकांस सांगावयास नको. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्या दिवशी दिंड्यांची दाटी होते, आणि आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे शेजारी, सोयरे त्या वाटेने चालत जातात. ज्या समाधीपुढे हा समुदाय नमतो, तिच्यातील पुरुषास लहानपणी गावाने काय वागविले होते, हेही त्याच वारकऱ्यांच्या परंपरेने जतन केले आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात आले, आणि त्यांना चार मुले झाली. ती संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडली. आईबापांस देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले व त्यांनी आपले देह नदीत टाकले, असे परंपरा सांगते. मुलांचा दोष काय, तर ती ज्या रीतीने जन्मास आली ती रीत शास्त्रास मान्य नव्हती. पुढे त्यांतील एक ज्ञानदेव झाला, एक निवृत्तिनाथ झाला, आणि त्याच समाजाने त्यांच्या पालख्या खांद्यावर घेतल्या.

ही कथा तेराव्या शतकातली. तिच्यानंतर साडेपाचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी जन्माच्या रीतीवरून लेकरू व आई या दोघांसही जगातून उठविण्याची चाल आपल्या देशात मोडली नव्हती. पुणे शहरात एका बाईने आपल्या अंगणात त्या चालीस अडथळा घातला. तिचे नाव सावित्रीबाई जोतीराव फुले. त्यांच्या शाळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि आजकाल प्रत्येक खेड्याच्या शाळेत ३ जानेवारीस त्यांच्या तसबिरीस हार घालतात. ह्या लेखात त्यांच्या शाळांविषयी थोडे व त्यांच्या बाळंतघराविषयी अधिक सांगण्याचे योजिले आहे; कारण हार घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांस त्या घराची हकिकत ठाऊक असते.

सावित्रीबाईंचा जन्म सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचे लग्न झाले. नवरा तेरा वर्षांचा. सासरी आल्यावर जोतीरावांनी त्यांस लिहावयास वाचावयास शिकविले, आणि पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मिस फॅरार व पुण्यात मिसेस मिचेल ह्यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. फॅरारबाई १८२७ साली मुंबईस उतरल्या होत्या व नगरासच १८६२ साली निवर्तल्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींत पुढे अशी एक निघेल, हे त्यांच्या स्वप्नीही आले नसेल. फुले पतिपत्नींनी बाप्तिस्मा घेतला नाही, ते आपल्या मार्गाने गेले. तरीपण शिकविणाऱ्याने पेरले ते वाया गेले असे कोण म्हणेल?

१८४८ साली भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोकांनी त्यांच्यावर शेण व चिखल फेकावा, त्यांनी शाळेत जाऊन दुसरे लुगडे नेसावे व धडा सुरू करावा, हे नित्याचे झाले. सासऱ्यांनी लोकनिंदेस भिऊन मुलासुनेस घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख ह्या मुसलमान गृहस्थाने त्यांस आसरा दिला. ह्या गोष्टी सर्वश्रुत आहेत. येथे त्या एवढ्याचसाठी सांगितल्या की, बेघर होण्याचा अर्थ काय, हे ह्या बाईस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आता मूळ विषयाकडे वळू. त्या काळी ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत विधवेने पुन्हा लग्न करू नये असा निर्बंध होता. सरकारने १८५६ साली विधवाविवाहास मुभा देणारा कायदा केला खरा, पण कायद्याच्या पुस्तकातील परवानगी माजघरापर्यंत पोचत नाही. आठदहा वर्षांची मुलगी, जिने नवऱ्याचे तोंडही नीट पाहिले नाही, ती त्याच्या मरणाने जन्माची विधवा होई. तिचे केस काढीत, तिला आलवण नेसवीत, एक वेळ जेवावयास घालीत, आणि घरातील सर्व कष्ट तिच्यावर टाकीत. अशा मुलीस घरातल्याच किंवा शेजारच्या एखाद्या पुरुषाने फसवावे, आणि दिवस राहिले म्हणजे हात झटकून बाजूस व्हावे, हे वारंवार घडे. मग तिच्यापुढे वाटा थोड्या. पोट पाडण्यासाठी मिळेल ते औषध गुपचूप घ्यावे, ते लागू न पडले तर तीर्थयात्रेचे निमित्त करून परगावी जावे व मूल तेथेच टाकून यावे, नाहीतर विहीर.

जोतीरावांचे शाळासोबती सदाशिव बल्लाळ गोवंडे ह्यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. जोतीरावांनी तिची हकिकत इंग्रजीत लिहून ठेवली आहे. ती सुशील होती, चांगल्या घराण्यातली होती. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत असे. त्याने तिच्यावर डोळा ठेवला. तिने पुष्कळ दिवस दाद दिली नाही, शेवटी ती फसली व गरोदर राहिली. तेव्हा त्याच मनुष्याच्या सांगण्यावरून तिने एकामागून एक विषारी औषधे घेतली. गर्भ पडला नाही. नऊ महिने भरून तिला एक देखणा मुलगा झाला, आणि अब्रूच्या धाकाने तिने त्याचा जीव घेऊन प्रेत घरामागील विहिरीत टाकले. दोन दिवसांत पोलिसांनी तिला धरले. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालून तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

१८६० चा दंडसंग्रह १८६२ च्या आरंभी नुकताच अमलात आला होता. मूल मारणारीस शिक्षा, गर्भ पाडणारीस शिक्षा, जन्म लपविण्यासाठी प्रेत दडविणारीस शिक्षा, अशी कलमे त्यात ओळीने होती. खून तो खूनच, आणि न्यायाधीशाने आपले काम केले. त्याविषयी वाद नाही. परंतु जोतीरावांच्या हकिकतीत शिक्षा भोगणारी ती एकटीच आहे. शास्त्रीबुवा कोठे गेला? शुभवर्तमानातील त्या स्त्रीलाही लोकांनी अशीच एकटी धरून आणली होती. तिचा सोबती त्या गर्दीत दगड घेऊन उभा नव्हता, असे कोणी खात्रीने सांगावे?

पुण्यात ह्या खटल्याची चर्चा पुष्कळ झाली असेल. जोतीराव व सावित्रीबाई ह्यांनी मात्र ह्या प्रकारानंतर, १८६३ साली, गंज पेठेतील आपल्या राहत्या जागेतच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्यासाठी त्यांनी वर्गणीची वाट पाहिली नाही, की सरकारच्या मंजुरीसाठी खोळंबले नाहीत. छापील जाहिराती काढून त्या ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींस चिकटविल्या. त्यांचा आशय असा होता की, कोणा विधवेवर असा प्रसंग आला असेल तर तिने येथे यावे व सुखरूपपणे, गुप्तपणे बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यावे किंवा येथे ठेवावे, हे तिच्या खुषीवर. ठेवल्यास त्याचा सांभाळ होईल. शास्त्र व रूढी ह्यांच्या पेठेत, भरदिवसा, एका माळ्याने लावलेली ती जाहिरात होती.

घराचा भार सावित्रीबाईंवर पडला, आणि ते साहजिकच होते. रात्री दार वाजले तर उठून ते उघडणारी, डोक्यावरून पदर ओढून आलेल्या बाईस आत घेणारी, सुईणीची व पथ्यपाण्याची व्यवस्था पाहणारी व्यक्ती स्त्रीच असावी लागते. त्यांचे वय तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. त्यांना स्वतःचे मूल नव्हते, व पुढेही झाले नाही. मूल नसलेल्या बाईस आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत कसे वागवितात हे वाचकांस ठाऊक आहे. येथे तीच दुसऱ्यांची बाळंतपणे करीत होती, आणि तीही अशा बायकांची, ज्यांची सावली आपल्या अंगावर पडू नये म्हणून त्यांची सख्खी माणसे जपत होती. जातीचा विचार केला तर नवल आणखी वाढते. ज्या वस्तीतून शेण फेकले गेले होते, त्याच वस्तीच्या लेकीसुनांसाठी हे दार उघडे होते.

एकवीस वर्षांनी, ४ डिसेंबर १८८४ रोजी, बेहरामजी मलबारी ह्यांच्या बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्यांवरील टिपणांस उत्तर देताना जोतीरावांनी ह्या घराचा हिशेब दिला. तोपर्यंत पस्तीस गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्या पस्तीस मुलांपैकी जिवंत किती? पाच. तीस मुले दगावली, आणि त्याचे कारणही त्यांनी लिहिले आहे: गर्भ लपविण्यासाठी आयांनी येण्यापूर्वीच जी विषारी औषधे घेतली असली पाहिजेत, त्यांनी पोटातच मुलांस इजा झाली होती.

वाचकहो, थोर माणसांची चरित्रे लिहिताना असे आकडे गाळण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. जोतीरावांनी तो गाळला नाही. तीस पाळणे रिकामे झाले, हे त्यांनी सरळ लिहून दिले. त्या आकड्याचा अर्थ असा की, बाई ह्या दारापर्यंत आली ती इतर सर्व उपाय करून झाल्यावर आली. आधी जडीबुटी, मग आणखी जहाल काही, मग देवादिकांचे नवस, आणि काहीच लागू पडेना तेव्हा गंज पेठ. जाहिरात भिंतीवर होती, पण ती वाचून लगेच निघण्याइतकी मोकळीक तिला नव्हती; भीतीच तिला शेवटच्या महिन्यापर्यंत अडवून धरीत होती. सावित्रीबाईंच्या हाती जे येत होते ते बहुधा आधीच विषाने पोळलेले असे, तरी त्या दर वेळी पाणी तापवीत असत.

हे घर गर्भपाताचे नव्हते, तर गर्भपात व बालहत्या टाळण्यासाठी होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे; कारण दोन्ही बाजूंचे लोक आज सावित्रीबाईंस आपल्याकडे ओढतात. त्यांच्या काळी सुरक्षित गर्भपात अशी वस्तूच नव्हती. पोट पाडणे म्हणजे विष घेणे किंवा काडी घालून घेणे, आणि त्यात मूल मरे, पुष्कळदा आईही मरे. पुढे काळ बदलला. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली सरकारने समिती नेमली, तिच्या अहवालानंतर १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला व १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टराच्या मताने, व ठरावीक कारणे असलेल्या स्त्रियांस चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करून घेता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. आणि स्त्रीचे नाव डॉक्टराने उघड करू नये, हा नियम २०२१ साली मूळ कायद्यातच घातला गेला. ह्या कायद्याविषयी आपल्या मंडळ्यांत एकमत नाही, व ह्या लेखाने ते होणार नाही. एवढे मात्र लक्षात यावे की, बाईचे नाव उघड न करण्याचा जो नियम कायद्याच्या कलमात २०२१ साली उतरला, तो गंज पेठेच्या त्या घरात १८६३ पासून पाळला जात होता. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा ह्या डोंगरी भागांत आजही एखादी मुलगी सरकारी दवाखान्याऐवजी औषध देणाऱ्या कोणा भगताकडे किंवा वैदूकडे जात असेल, तर ती कायद्याच्या अज्ञानाने जितकी जाते, तितकीच ओळखीचे कोणी भेटेल ह्या धाकानेही जाते.

पुण्याचे उदाहरण पाहून इतरत्रही अशी घरे निघाली. पंढरपुरास यात्रेच्या निमित्ताने येऊन विधवा मुले टाकून जात, म्हणून १८७५ साली लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकाराने तेथे अनाथ अर्भकांसाठी आश्रम सुरू झाला व प्रार्थना समाजाने तो चालविला. तरी फासाची भाषा थांबली नव्हती. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, व ती पुढे सौम्य करण्यात आली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीस झोडपले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली स्त्रीपुरुषतुलना लिहून फसविणाऱ्या पुरुषांचा जाब विचारला.

सावित्रीबाईंचा स्वभाव एका प्रसंगातून चांगला दिसतो, आणि तो गंज पेठेतील नसून त्यांच्या माहेरचा आहे. १८६८ च्या ऑगस्टात त्या नायगावी होत्या. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरे. तो तेथे येत असता शारजा नावाच्या महार मुलीशी त्याचे प्रेम जडले, आणि तिला सहा महिने गेले. गावास कळले तेव्हा लोकांनी दोघांस पकडले, मारीत मारीत गावातून वाजतगाजत फिरविले, आणि त्यांस ठार करण्याचा बेत केला. सावित्रीबाईंस हे समजताच त्या धावत तेथे गेल्या. अशा जमावापुढे धर्मोपदेश करून उपयोग नसतो, हे त्या जाणून होत्या. त्यांनी इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला. दोघांचे खून केलेत तर तुमचे काय होईल, ह्याचा विचार करा, असे समजाविले. ज्या दंडसंग्रहाने काशीबाईस काळ्या पाण्यावर धाडले, त्याचाच आडोसा करून त्यांनी शारजेस वाचविले. लोक थंड झाले, पण दोघांनी गाव सोडावे असे ठरले. जोडपे रडत त्यांच्या पाया पडले. सावित्रीबाईंनी त्यांस पुण्यास जोतीरावांकडे लावून दिले, आणि २९ ऑगस्ट रोजी पत्र लिहून नवऱ्यास सर्व हकिकत कळविली. त्या पत्रात आपल्या धाडसाची बढाई नाही. दोघे येत आहेत, त्यांचे पाहावे, एवढाच त्याचा सूर आहे.

येथे ब्राह्मण विधवा नव्हती, महाराची मुलगी होती. आणि ह्याचे महत्त्व आपल्या वाचकांस वेगळे सांगण्याची गरज नाही. काशीबाईच्या बाबतीत अब्रू घराण्याची होती, शारजेच्या बाबतीत गावाची. दोन्हीकडे ती मुलीच्याच पोटात शोधली गेली.

१८७४ साली गंज पेठेच्या त्या घरी आणखी एक काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा आली. तिला मुलगा झाला. तो मुलगा फुले पतिपत्नींनी दत्तक घेतला व त्याचे नाव यशवंत ठेविले. मागील हिशेबातील जगलेल्या मुलांपैकी हा एक. ज्याच्या जन्माची लाज वाटून कोणी त्याला विहिरीत टाकले असते, त्याच्या नावे जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केले. १८८९ च्या फेब्रुवारीत ज्ञानोबा ससाणे ह्यांच्या कन्येशी, राधेशी, यशवंताचे लग्न सत्यशोधक पद्धतीने झाले. विधवेच्या मुलास मुलगी देणारा बाप त्या काळी मिळाला, हे ससाण्यांच्याही मनाचे मोठेपण होय.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. प्रेतयात्रेत टिटवे कोणी धरावे, ह्यावरून भाऊबंदांनी दत्तक मुलाचा हक्क नाकारला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन पतीच्या प्रेतापुढे चालल्या. स्त्रीने स्मशानात जावे हेच लोकांस अघटित वाटे; येथे तिने अंत्यविधीच केला. मुलाच्या जन्मावरचा आक्षेप तिने वादाने नव्हे, तर पावलांनी मोडून काढला. त्यानंतर सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी चालविले, आणि १८९३ साली सासवड येथील परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या.

यशवंत डॉक्टर होऊन लष्करात नोकरीस लागला. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगाने कहर केला. घरेच्या घरे ओस पडली. भीतीने लोक रोगी लपवू लागले. सावित्रीबाईंनी मुलास रजा काढावयास लावून बोलाविले, आणि हडपसराजवळ ससाण्यांच्या मळ्यात, मोकळ्या माळावर, दवाखाना उघडला. त्या सासष्ट वर्षांच्या होत्या. रोगी आणणे, त्यांची सेवा करणे ही कामे त्यांनी पुन्हा हाती घेतली. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलास गाठ आल्याचे त्यांस कळले. त्या तेथे गेल्या, मुलास पाठीवर घेतले आणि चालत मळ्यात आणले. त्याच्यापासून त्यांस प्लेगाची बाधा झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांचे देहावसान झाले. तो मुलगा बरा झाला.